अठ्ठेचाळिसावं भोक

एल्गोइबारच्या दरीत, नदीला खेटून आमचं वर्कशॉप,
आणि बाकावर उताणा पडलेला
ओन्दारोआच्या एका मासेमारी बोटीचा गिअरबॉक्स.
ॲल्युमिनियमचा. अठ्ठेचाळीस भोकं.
सत्तेचाळिसांत आटे पाडून झाले होते.

एर्रापेलमामा स्टुलावर, हातात गार झालेली कॉफी.
हँडल दाबून दाबून त्याचे अंगठे चपटे झालेत.
अर्धा फेरा पुढे, पाव मागे, हे त्यानंच शिकवलं:
पुढे जाताना कापायचं, मागे येताना कीस मोडायचा.
ज्याला मागे येणं जमत नाही
तो टॅप भोकातच राहतो.
त्याच्या उमेदीत तेल नव्हतं, मेंढीची चरबी होती.
तो डबा अजून फळीवर आहे,
झाकण काढलं की सगळा कळप आत येतो.

मी घाईत होते.
कापणारा टॅप बोथट झाला, कुरकुरला,
म्हणून ड्रॉवरमधून दुसरा उचलला,
सोनेरी मुलाम्याचा, ज्याच्या अंगावर
कीस बाहेर यायला खाचच नाही.
तो कापत नाही, रेटतो.
धातू बाजूला सरकतो, वर चढतो,
आणि आटा होऊन बसतो.
ना कीस, ना कचरा.
मामा त्याला ‘समजूतदार’ म्हणतो.
बिडाशी मात्र त्याचं जमत नाही,
बीड समजूत ऐकत नाही, त्याचा चुरा होतो.

पण समजूत घालायलाही जागा लागते.
त्याला भोक हवं साडेपाचचं, वर केसभर.
माझं पाचचं होतं,
सकाळीच पाडलेलं, कापणाऱ्याच्या मापानं.
कुठला टॅप जाणार हे ड्रिल लावतानाच ठरतं,
नंतर आपण फक्त विसरू शकतो.

टक्.
दातांत अक्रोड फुटावा तेवढाच आवाज.
हँडल एकदम हलकं झालं
आणि मामानं कॉफी खाली ठेवली.

ओइहाना म्हणाली, यापुढे सगळं मिलिंगवर घ्या.
तिचा कटर भोकापेक्षा बारीक,
पाहुण्यासारखा, कशाला हात न लावता आत शिरतो,
मग भिंतीला धरून गोल फिरतो,
एका फेऱ्यात एक आटा वर,
आणि आला तसा मधूनच निघून जातो.
मोडलाच तर तुकडा चिमटीनं उचलावा.
महाग आहे. सावकाश आहे.
मामा तासभर त्याच्याकडे बघत बसतो कधी कधी,
मत देत नाही.

संध्याकाळभर स्पार्क मशीननं
टॅपचं पोट जाळलं.
काळ्या पाण्यातून तुकडे आले, खपल्यांसारखे.
भोक आता साडेसहाच्या आसपास, कडा खाल्लेली.
मोठा टॅप मारून आत तारेचं स्प्रिंग बसवलं.
उसने आटे.
मला वाटलं मामा तोंड फिरवील.

तो खुब्यावर हात ठेवून म्हणाला,
इथे चार स्क्रू आहेत माझ्या.
डॉक्टरनं आधी आटे पाडले
की नुसतेच रेटले, विचारायचं राहूनच गेलं.
पायऱ्या चढतो, एवढं खरं.

गेज त्यानंच लावला.
जायची बाजू दोन बोटांनी तळापर्यंत गेली,
न जायची दीड फेऱ्यावर अडली.
त्यानं पुन्हा एकदा अडवून पाहिली,
न जाण्याचीही खात्री करावी लागते म्हणाला.

बिलात मी अठ्ठेचाळीस लिहिले.
मग खोडून: सत्तेचाळीस, आणि एक उसना.

बोटीचा मालक फोनवर थोडा वेळ गप्प.
कुठला, त्यानं विचारलं.
उजवीकडून तिसरा, वरच्या रांगेतला.
बरं, तो म्हणाला,
वाऱ्यात पहिला हात माझा तिथेच जातो.